न उचललेले फोन

यादीतल्या जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी सातचा आकडा होता. क्वचित सहा, एकदाच आठ. तिने टेबलावरचा फोन उचलला, समोरच्या रिकाम्या टेबलाचा नंबर लावला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिली. पहिली रिंग, मधली शांतता, दुसरी रिंग. तिने फोन ठेवला. सात सेकंद. पुन्हा करून पाहिलं. सातच.

"मॅडम, तिकडे कुणी बसत नाही," कपाटात फायली लावणारे हेडक्लार्क भाऊसाहेब म्हणाले. "त्या खुर्चीवरचे गृहस्थ निवृत्त होऊन वर्ष झालं."

"माहीत आहे."

"मग उचलणार कोण?"

"कुणी उचलू नये म्हणूनच लावला."

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुढची फाइल उचलली. तीस वर्षं या कचेरीत काढलेल्या माणसाला अशा उत्तरांचं नवल वाटेनासं होतं.

तिचं काम नाती मोजायचं होतं. एखाद्याची नेमणूक संवेदनशील जागी व्हायची असेल, तर आधी त्याची फाइल तिच्याकडे येई. परदेशात रक्ताचं कोण आहे, कुठल्या देशात, महिन्यातून किती वेळा बोलणं होतं, किती मिनिटं, शेवटची भेट कधी. माणूस विकला जात नसेल तर त्याच्या आईला धरून त्याला वाकवता येतं, या एका वाक्यावर ही अख्खी कचेरी उभी होती. वाक्य खोटं नव्हतं. नोकरीच्या बावीस वर्षांत तिने ते दोनदा खरं ठरताना पाहिलं होतं. ती पदार्थविज्ञान शिकून इथे आली होती आणि मोजता येईल तेवढंच बोलायचं, ही सवय तिने तिथूनच आणली होती.

ही फाइल दोन वर्षं दोन महिने तिच्याकडे होती. अर्जदार दाबमापक यंत्रं बनवणारा अभियंता, वय अठ्ठेचाळीस. डोंगराच्या पोटात बांधलेल्या एका केंद्राला तो हवा होता. तिथलं यंत्र त्याच्याशिवाय कुणाला बसवता येणार नाही, असं केंद्राचं पत्र वर लावलेलं होतं. बाविसाव्या वर्षी तो इकडे शिकायला आला आणि इथलाच झाला. लग्न नाही, वडील नाहीत, भावंडं नाहीत. परदेशात एकच नातं, आई. आणि तिचा देश कचेरीच्या धोक्याच्या यादीत पहिल्या पाचांत.

भाऊसाहेब त्याला 'काटेवाले' म्हणत. पहिल्याच भेटीत त्याने बाहेरच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ चाळीस सेकंद मागे असल्याचं त्यांना सांगितलं होतं, आणि ते खरं निघालं होतं.

त्या पहिल्या मुलाखतीच्या वेळी त्याच्या यादीत दर रविवारी सकाळी दहाला एक फोन होता, सरासरी अठ्ठावीस मिनिटांचा. मुलाखत संपल्यावर तिने ध्वनिमुद्रण बंद केलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हटलं, "हा आकडा जरा खाली आणा."

"किती खाली?" त्याने विचारलं होतं.

"जितका कमी, तितकं बरं."

ती चांगुलपणाने बोलली होती. महिन्याला दोन फोन, दहा-दहा मिनिटांचे, एवढंच तिच्या मनात होतं. पण मोजमापात आयुष्य घातलेल्या माणसाला तिने आकडा दिला नव्हता, नुसती दिशा दिली होती. पुढच्या रविवारी तो आईशी एकतीस मिनिटं बोलला. त्यानंतर त्याची यादी कोरी.

दोन वर्षं ती कोरी पानं फाइलला लावत गेली. खटकलं ते गेल्या महिन्यात. माणसांचे आकडे असे शून्यावर येत नाहीत. ते हळूहळू उतरतात, मध्येच एखाद्या वाढदिवसाला, एखाद्या आजारपणात उसळी घेतात. एका दिवसात शून्यावर येऊन तिथेच खिळून राहणारा आकडा दिसला, तर आधी मोजणाऱ्याची चूक शोधावी. तिने दूरध्वनी खात्याकडून कच्ची यादी मागवली, न जोडल्या गेलेल्या फोनांसकट. ती आज आली होती.

कच्च्या यादीत एकशे तीन रविवार सारखे होते. सकाळी दहाला तिकडून दोन रिंग. दोन मिनिटांच्या आत इकडून दोन रिंग. कुणी उचलत नव्हतं, कारण उचलायचंच नव्हतं. नियमाप्रमाणे न जोडलेला फोन हा संपर्क नव्हे. म्हणून दर महिन्याच्या प्रतिज्ञापत्रावर तो 'संपर्क नाही' असं लिहून सही करत होता, आणि ते खरं होतं.

एकशे चौथ्या रविवारी तिकडून फोन आला नाही.

दहा वाजून बारा मिनिटांनी त्याने दोन रिंग दिल्या. दहा सतराला पुन्हा. दुपारपर्यंत चौदा वेळा. त्या चौदातला एकही फोन त्याने सात-आठ सेकंदांच्या पुढे जाऊ दिला नव्हता. तिकडे कुणी उचलला असता, तर तो संपर्क झाला असता. नंतरच्या आठही रविवारी दहा वाजता इकडून दोन रिंग. तिकडून काही नाही.

तिने ओळींखाली धरलेली पट्टी बाजूला ठेवली आणि परदेश विभागातल्या बाईंना फोन लावला. त्या तिच्याहून लहान होत्या आणि सगळ्या जगाला ताई, दादा म्हणत.

"ताई, तुमची म्हातारी ना? थांबा, कागद काढते. हं. हयात आहे. ताजी नोंद आहे. जिल्हा रुग्णालय, दोन महिने झाले. उजवी बाजू गेलीये, वाचा गेलीये. शेजारणीने खिडकीतून पाहिलं म्हणून सापडली तरी. शुद्धीत आहे म्हणतात."

"मुलाला कुणी कळवलंय?"

"कोण कळवणार? शेजारणीकडे नंबर नाही, म्हातारीला सांगता येत नाही. आणि आपण कळवायचं म्हटलं तर तुमची नि माझी, दोघींची खुर्ची एका दिवशी जाईल." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "डॉक्टरांचं मत पण आहे. महिना, फार तर दोन. लवकरच फाइल हलकी होईल तुमची."

तिने आभार मानले. फोन ठेवल्यावरही काही वेळ तिचा हात त्याच्यावरच होता.

साहेबांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. ऐकताना त्यांनी समोरचा चहासुद्धा बाजूला सारला.

"वाईट झालं," ते म्हणाले. "म्हणजे त्याच्या दृष्टीने वाईट. आपलं मात्र सुटलं. तुम्ही असं करा, मंगळवारी बोलावलंयच त्याला, आठ आठवड्यांची मुदतवाढ द्या."

"कशासाठी?"

"अहो, नातंच उरलं नाही तर हरकत कसली? कोरी फाइल. मंजूर. केंद्रवाले रोज माझं डोकं खातायत."

"तोवर त्याला काही कळणार नाही."

"नाही कळणार. आणि कळून तरी काय? पडताळणी चालू असताना देश सोडता येत नाही, पासपोर्ट आपल्या तिजोरीत. आता दुसरी बाजू बघा. आज तुम्ही नकार दिलात तर दहा वर्षं पुन्हा अर्ज नाही. अठ्ठावन्नचा होईल तो. तुम्हीच सांगा, त्याचं भलं कशात आहे?"

"मुलगा आहे तो तिचा."

"मुलगा म्हणून नाही आलेला आपल्याकडे. अर्जदार म्हणून आलाय."

तिने हिशोब मनात पुन्हा करून पाहिला. साहेबांचं कुठे चुकत नव्हतं. तिला ते चुकलेलं हवं होतं.

रविवारी सकाळी ती गच्चीत कपडे वाळत घालत होती. दहाच्या सुमाराला तिचे हात थांबले. ओला सदरा तसाच धरून ती आत आली आणि दाराशी उभी राहिली. नवरा खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होता.

"कुणाचा फोन यायचाय का?"

"नाही."

"मग त्याच्याकडे असं काय बघतेस, चावणार असल्यासारखं?"

"आपल्याला नाही यायचा."

"मग कुणाला?"

फाइलमध्ये त्या म्हातारीच्या घराचा एक फोटो होता. अरुंद खोली, दोन खुर्च्या, खिडकीशेजारी उंच स्टुलावर फोन. आत्ता तिथे दोन रिंग वाजल्या असतील. आवाज म्हणजे हवेचं हलणं. त्या बंद घरात आठवड्यातून सात सेकंद हवा हलत होती. बाकी सगळा वेळ काहीच हलत नव्हतं. आणि इथे, याच शहरात, तीन बसथांबे पलीकडे, एक माणूस फोन खाली ठेवून तो वाजायची वाट पाहत बसला असेल. दोन मिनिटं. मग कदाचित अजून दोन.

"सदरा टिपकतोय," नवरा म्हणाला.

तिने खाली पाहिलं. फरशीवर थारोळं झालं होतं.

"तू म्हणतेस ना, फायली घरी आणत नाही म्हणून," तो कोड्यातून मान वर न करता म्हणाला. "येतात बरं का त्या. चपला बाहेर काढून येतात, एवढंच."

ती हसली. पण त्या दिवशी पुन्हा दोनदा, एकदा शेजाऱ्यांकडे आणि एकदा रस्त्यावर, कुणाचा तरी फोन वाजला आणि दोन रिंगनंतर थांबला. दोन्ही वेळा ती मोजत होती, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

मंगळवारी अकराला भाऊसाहेबांनी सुनावणीच्या खोलीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र मांडलं, पाण्याचे दोन पेले ठेवले, कागद सरळ केले.

"मुदतवाढीचा कागद वरच आहे. तीन मिनिटांचं काम."

"तिजोरीतून त्यांचा पासपोर्ट आणाल?"

भाऊसाहेबांचा हात कागदावरच थांबला. "मुदतवाढीला पासपोर्ट लागत नाही, मॅडम."

"माहीत आहे."

"मंजुरीला लागतो. आणि नकाराला."

"असू दे जवळ."

ते दारापर्यंत गेले आणि परत वळले. "एक बोलू का? या यंत्रावर एकदा बोललेलं पुसता येत नाही. साहेबांची सही नंतर. आधी तुमचं तोंड."

"बावीस वर्षं झाली, भाऊसाहेब."

"म्हणूनच बोलतो. बावीस वर्षांत तुम्ही कधी घाई केली नाहीत. उलट लोक नावं ठेवतात, या बाईंकडे फाइल गेली की नातवंडांनाच निकाल कळतो म्हणून."

तो बरोबर वेळेवर आला. गेल्या वेळेपेक्षा वाळला होता. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. बसताना त्याने नोटिशीचा कागद घडी उलगडून समोर ठेवला.

"आईशी संपर्क?" तिने ठरलेला पहिला प्रश्न विचारला.

"नाही."

"शेवटचा?"

त्याने तारीख सांगितली, वार सांगितला, वेळही सांगितली.

"त्या एकतीस मिनिटांत काय बोलणं झालं?"

हा प्रश्न तिच्या कागदावर नव्हता. त्याने यंत्रावरच्या लाल दिव्याकडे पाहिलं.

"फोन कसा करायचा, ते," तो म्हणाला. "तिला वाटत होतं, दोन रिंगनंतर तो आपोआप बंद होतो. आपण बंद करावा लागतो, हे पटवण्यात दहा मिनिटं गेली. म्हणाली, 'एवढं शिकून साहेब झालास, आणि आईला फोन न उचलायला शिकवतोस.'" तो थांबला. "हे संपर्कात येत नाही. मी नियम वाचलाय."

"नाही येत."

"दहा रविवार झाले, फोन आलेला नाही."

तिने समोरचा कागद सरळ केला.

"तुम्हाला माहीत असेल. तुमच्याकडे सगळं असतं. तुम्ही मला काही सांगू शकता का?"

"नाही."

"हो किंवा नाही, एवढंसुद्धा?"

"नाही."

त्याने मान हलवली, एखादा काटा जिथे असायला हवा तिथेच दिसल्यासारखी.

चौकशीत जमवलेलं अर्जदाराला सांगायचं नाही, हा पहिला नियम होता. मंजुरी द्यायची असेल तर कारण सांगायचं नाही. मुदतवाढ दिली तरी नाही. कारणं लागत ती फक्त नकाराला. ती आधी संपूर्ण वाचून दाखवावी लागत, नातेवाइकाच्या ताज्यात ताज्या नोंदीसकट, म्हणजे अर्जदाराला खोडून काढायची संधी मिळावी. निर्णयाचा शब्द सगळ्यात शेवटी.

"अर्ज मागे घेता येतो," ती म्हणाली. "आज, आत्ता. दोन ओळी लिहून द्यायच्या."

"का घेऊ?"

तिने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"ती गेली असेल, तर मागे घेऊन काय उपयोग," तो सावकाश म्हणाला. "आणि नुसता फोन बिघडला असेल, तर मी तिला काय तोंड दाखवू? तीच म्हणाली, ते काम घे. दोन वर्षं तिने निभावलं. एक रविवार चुकला नाही. आणि यातलं काहीच नसेल..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि ती कागदाकडे.

मुदतवाढीचा कागद पातळ होता. तिने तो उचलून बाजूला पालथा ठेवला. खालची फाइल उघडून शेवटचं पान काढलं.

"कारणं वाचते," ती यंत्राजवळ वाकून म्हणाली.

"कारणं?"

"हो."

त्याचा चेहरा आधी आक्रसला. दोन वर्षं, डोंगरातलं ते यंत्र, सगळं त्या एका शब्दात होतं आणि त्याला ते समजलं होतं. भाऊसाहेब खिडकीबाहेर पाहू लागले.

"परदेशस्थ नातेवाईक, एक," तिने वाचलं. "नातं, आई. वय त्र्याहत्तर." तिने बोट पुढच्या रकान्यावर नेलं. "हयात."

टेबलावरचे त्याचे दोन्ही हात एकमेकांना शोधत जवळ आले.

"सध्याचा पत्ता. जिल्हा रुग्णालय, दुसरा मजला, स्त्रियांचा कक्ष, खाट अकरा. नोंद चार दिवसांपूर्वीची. उजव्या बाजूला पक्षाघात. वाचा नाही. रुग्ण शुद्धीत. वैद्यकीय मत, एक ते दोन महिने." तिने आजवर कुठलीच नोंद इतकी सावकाश वाचली नव्हती.

भाऊसाहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

"परत वाचाल?" त्याने विचारलं.

ते नियमात बसत होतं. तिने परत वाचलं. तो नोटिशीच्या मागे लिहीत गेला: मजला, कक्ष, खाट. अकराचा आकडा त्याने दोनदा गिरवला.

"न जोडलेल्या फोनांच्या यादीवरून अर्जदाराचं आईशी असलेलं नातं घनिष्ठ मानण्यात येत आहे," तिने शेवटची ओळ वाचली. ही ओळ छापील नव्हती. ती तिच्या अक्षरात होती. "अर्जदाराला यातलं काही खोडून काढायचं आहे?"

खोलीत यंत्राची बारीक घरघर ऐकू येत होती. नातं तेवढं जवळचं राहिलेलं नाही, एवढं एक वाक्य तो म्हणाला असता, तर प्रकरण फेरतपासणीला गेलं असतं. आठ आठवडे. साहेबांचा हिशोब मग आपोआप पुरा झाला असता. हे नोटिशीच्या दुसऱ्या परिच्छेदात छापलेलं होतं आणि त्याने नोटीस वाचली नसेल, असं तिला वाटत नव्हतं.

त्याने कागदाची घडी घातली. वरच्या खिशात ठेवली. खिशावर हात तसाच राहिला.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे सगळं."

तिने पासपोर्ट उचलून त्याच्या बाजूला ठेवला. मग यंत्राच्या आणखी जवळ झाली. दोन वर्षं दोन महिने जो शब्द तिच्या तोंडून निघत नव्हता, तो उच्चारताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"नामंजूर," ती म्हणाली. "आत्तापासून."